बाइकचा सेल्फ दाबल्यावर इंजिन फिरत नाही, नुसतं ‘टक’ वाजतंय किंवा तेही नाही?

आधी किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करणारा), न्यूट्रलचा दिवा आणि साइड स्टँड बघा. बरेचदा गाडी तिथेच अडते.

मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून पिना बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. पण हा आकडा एकटा फसवतो. सेल्फ दाबून धरा. व्होल्टेज ९-१० च्या खाली कोसळलं, तर बॅटरीला भार पेलवत नाही. १२ च्या वर राहूनही मोटर फिरली नाही, तर करंट पोचत नाही, आणि अशा वेळी नवी बॅटरी घेणं म्हणजे पैसे वाया.

टर्मिनल सोडवा (निगेटिव्ह आधी), पांढरा-हिरवा थर पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा. आता एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ दाबताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतची जोडणी) सैल किंवा गंजलेलं आहे. तेही ठीक असेल, तर रिलेच्या (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच, ‘टक’ तोच वाजतो) दोन जाड बोल्टांवर मीटर लावा. ‘टक’ होऊनही १२ व्होल्ट दिसत राहिले, तर आतले पॉइंट जळलेत, रिले बदला.

‘टक’सुद्धा नसेल, तर फ्यूज आणि क्लच स्विच तपासा. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकला तर वायरिंग जळेल.

गाडी सुरू झाली, की ४-५ हजार आरपीएमला बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. कमी असतील, तर स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल), रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा) आणि त्यांचे कपलर (वायरींचे जोड) बघा.