खळ्यात जावाचा गेंडा काढायचा तर

दिवाळीच्या सुमारास खळं (घरापुढचं अंगण) चोपून, शेणानं सारवून झालं की इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या गेंड्याचं खऱ्या मापाचं चित्र जमिनीवर काढायचं हे काम हाती घ्या. पावसात जमत नाही आणि मे महिन्यात खळ्यात आमसुलं, साठं, पापड वाळत असतात, तेव्हा घरातलं कुणी पाय टाकू देत नाही. देवगड तालुक्यात मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यात हा गेंडा सहा वेळा काढला. पहिल्यांदा साफ चुकला. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितेय.

सामान फार नाही. चुन्याची फक्की दोन किलो, सुतळी, मीटरची टेप, चार खुंट्या, चुलीतले विझवलेले कोळसे आणि काजूच्या 50 सुक्या बिया. बिया सगळ्यात शेवटी लागतात, तोवर पिशवी आपल्याजवळच ठेवा. फक्की टाकायचं काम मोठ्यांचं. चुना डोळ्यात गेला तर पाण्यानं भरपूर धुवावं लागतं आणि त्या दिवशीचा गेंडा तिथेच संपतो.

आधी अंगाचं माप. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत तीन मीटर सुतळी ताणा, खांद्याची उंची दीड मीटर धरा. मुलांना हे कमी वाटतं. त्यांच्या डोक्यात गेंडा म्हणजे एसटीएवढा. आमच्याकडे एका मुलानं शेजारचा रेडा आणून आकृतीत उभा केला, तेव्हा दुसरा म्हणाला, "बाई, ह्यो रेडो की गेंडो?" प्रश्न चोख होता. उंचीत फरक थोडाच, पण गेंड्याची लांबी जास्त आणि वजन 900 किलोपासून 2,300 किलोपर्यंत. रेड्यानं मात्र जाताना पुढचा पाय पुसला, तो परत काढावा लागला.

आता चुकीकडे येते. गेंड्याच्या पाच जाती. दोन आफ्रिकेत, एक आपला काझीरंग्याचा, एक सुमात्राचा (अंगावर केस, दोन शिंगं, पाचांत सर्वांत लहान) आणि हा जावाचा. मी पहिल्या वर्षी पुस्तकातला काझीरंग्याचा गेंडा समोर ठेवून काढला आणि खाली ऐटीत 'जावा' लिहिलं. दोघांना एकेकच शिंग, दोघांच्या कातडीला घड्या, म्हणून फसले. पुढे वाचलं की ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात जावाचा एक गेंडा वीसहून जास्त वर्षं होता, 1907 मध्ये मेला, आणि तोवर लोक त्याला भारतीय गेंडा म्हणूनच बघत होते. तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. पिंजऱ्यात राहिलेला या जातीचा तो शेवटचा.

फरक पाठीवर आहे. खांद्यापुढून वर चढणारी घडी जावाच्या गेंड्यात मानेमागून थेट पलीकडे जाते, त्यामुळे पाठीवर खोगीर घातल्यासारखं दिसतं. काझीरंग्याच्या गेंड्यात ती घडी पाठीवर पोचत नाही. ही एक रेघ नीट आली की निम्मं काम झालं. दुसरा फरक कातडीचा. काझीरंग्याच्या पुठ्ठ्यावर खिळे ठोकल्यासारखे उंचवटे असतात. जावाची कातडी काढायला फणसाची साल आठवा: सुरीनं काटे सपाट तासले की खाली जे बारीक कोनाकोनांचे तुकडे दिसतात, तसं. कोळशानं दोन-तीन हात जागेतच ती नक्षी भरा, सगळं अंग भरायला बसलात तर संध्याकाळ होईल.

वरचा ओठ टोकदार आणि पुढे आलेला काढा. त्यानंच तो कोवळे कोंब, डहाळ्या ओढून खातो. रोप उंच असेल तर अंगानं रेटून आडवं करतो. शिंग वीतभर, फार तर बोटभर जास्त. मादी काढत असाल तर तेही नको, तिथे नुसता उंचवटा. शिंग नसलेली मादी बघून पोरं गोंधळतात: "हेचा शिंग खय गेला?" तेव्हा सांगायचं, शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखात असतं तेच. बोटं बघा स्वतःची. त्यासाठी ही जात मारली गेली. पायाला तीन बोटं, ठसा जेवणाच्या ताटलीएवढा.

उरलेल्या खळ्यात नकाशा. बंगालच्या सुंदरबनापासून ब्रह्मदेश, थायलंड, मलाया, व्हिएतनाम आणि खाली सुमात्रा, जावा. फक्की सगळीकडे टाका, कारण एके काळी हा प्राणी या सगळ्या पट्ट्यात होता. मग केरसुणीनं एकेक भाग पुसत चला. जंगल तोडून शेती झाली, शिंगासाठी आणि हौसेसाठी शिकार झाली, जावात डच राजवटीत पिकाची नासधूस करतो म्हणून मारणाऱ्याला इनाम होतं. व्हिएतनाम शेवटी पुसा. तिथल्या कात तिएन उद्यानात 2010 च्या एप्रिलमध्ये शेवटची मादी मेलेली सापडली, पायात गोळी होती, शिंग कापून नेलेलं.

उरतं ते जावाचं पश्चिम टोक, उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यान. ते का उरलं हे ऐकताना किनाऱ्यावरची मुलं गप्प होतात. 1883 मध्ये समोरचा क्राकातोआ ज्वालामुखी फुटला, समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावरची गावं नेली, माणसं परत आली नाहीत, जंगल वाढलं. आता त्याच समुद्राची भीती. 2018 च्या डिसेंबरात क्राकातोआच्या जागी पुढे वर आलेल्या अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखीमुळे लाट आली, उद्यानाचे दोन कर्मचारी गेले, गेंडे वाचले. आतही सुख नाही. लंगकाप नावाचा ताड, आपल्या भेर्ली माडाच्या नात्यातला, एवढी दाट सावली करतो की खाली गेंड्याचा पाला उगवत नाही. उद्यानाचे लोक तो तोडून जागा मोकळी करतात.

त्या टोकावर आता बिया मांडा. पन्नास. साधारण तेवढेच गेंडे आज शिल्लक धरले जातात. काही वर्षांपूर्वी आकडा सत्तरीच्या वर होता. 2024 मध्ये पकडलेल्या शिकाऱ्यांनी 26 मारल्याचं कबूल केलं. बियांशेजारी कोळशाचे 26 ठिपके काढा आणि ते मुलांनाच काढू द्या. मोजताना ती जरा हळू होतात.

चित्र दोन दिवस टिकतं, मग सडा पडतो आणि कोंबड्या उकरतात. बिया मात्र त्याच संध्याकाळी मोजून पिशवीत भरा. कोंबड्या काजूबीला तोंड लावत नाहीत, पोरं भाजून खातात.