सिंगापूरला आधी पार्क, मग क्रूझ

मुलांना घेऊन सिंगापूरला जाताना तीन रात्रींची क्रूझ आणि युनिव्हर्सल स्टुडिओज हे थीम पार्क दोन्ही बसवायचं असेल, तर पार्क आधी ठेवा. विमानाला उशीर झाला तर पार्कचा दिवस पुढे ढकलता येतो, जहाज मात्र कुणासाठी थांबत नाही. शिवाय उन्हात दिवसभर पायपीट झाल्यावर जहाजावरची विश्रांती आजीआजोबांनाही मानवते.

व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. जहाज मलेशियाला जाऊन आलं की तुम्ही सिंगापुरात नव्यानं प्रवेश करता, त्यामुळे एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्मही पुन्हा भरावा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येतो, कुणाला पैसे देऊ नका.

क्रूझच्या तिकिटावर जहाज सुटण्याचा धक्का कोणता ते नीट वाचा. हार्बरफ्रंटचा धक्का युनिव्हर्सल स्टुडिओज जिथे आहे त्या सेंटोसा बेटाच्या अगदी समोर आहे, मरीना बे क्रूझ सेंटर मात्र वेगळीकडे, मरीना साउथ पिअर मेट्रो स्थानकाजवळ.

मोठ्या बॅगा जहाजावर खोलीत उशिरा पोहोचतात. म्हणून पासपोर्ट, औषधं आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. आणि परतीचं विमान जहाजातून उतरण्याच्या दिवशी रात्रीचंच घ्या, सकाळचं नको.