पाठानंतरच्या नोंदी : भाषाशिक्षकांनी या चुका टाळाव्यात

‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला.’ टाचणवहीत, म्हणजे पाठाचे नियोजन लिहायच्या वहीत, पाठानंतरच्या जागी हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षे लिहीत आलो. ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच फुटतात, कारण असे वाक्य वही तपासणाऱ्यासाठी लिहिलेले असते आणि उद्याच्या तासाला काय बदलायचे, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी घडले ते लिहावे : कोणता प्रश्न विचारला, कोणी काय उत्तर दिले, कोणत्या शब्दाशी वर्ग अडला. पाठ चांगला की वाईट, हे ठरवण्याची घाई नसावी.

दुसरी चूक मला सर्वांत महागात पडली : मुलांच्या चुका मोजणे, पण त्या वाचणे नाही. अमळनेर-पारोळा भागातल्या माझ्या तिसरीच्या वर्गात एका मुलीने लिहिले होते, ‘माझी माय वावरमा जाते. मी शायामा जाते. दप्तर घरमा राहिलं.’ मी लाल शाईने तीन गोल केले आणि खाली ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’ असा शेरा मारला. संध्याकाळी तीच वही पुन्हा उघडली, तेव्हा ध्यानात आले की या तीन चुका नाहीत, तीन वेळा नेमाने पाळलेला एकच नियम आहे. प्रमाण मराठीत जिथे ‘त’ लागतो, तिथे तिच्या घरच्या अहिराणी बोलीत ‘मा’ लागतो, आणि ‘शाळा’तल्या ‘ळ’चा तिथे ‘य’ होतो. ‘घरमा’ म्हणताना ‘घर’ तसेच राहते; ‘घरात’ म्हणताना मात्र ‘घर’चे ‘घरा’ होते आणि ‘शाळेत’ म्हणताना ‘शाळा’चे ‘शाळे’. म्हणजे शिकवायचे होते ते सामान्यरूप, आणि मी शिकवत होतो भीती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर घरमा–घरात, वावरमा–वावरात, शायामा–शाळेत अशा जोड्या लिहिल्या आणि फरक मुलांनाच शोधायला लावला.

नंदुरबारच्या डोंगराळ भागात, जिथे घरची भाषा भिली किंवा पावरी असते आणि ती अनेकदा शिक्षकालाच येत नाही, तिथे वरच्या वर्गातल्या मुलांना आणि पालकांना विचारल्याशिवाय अशी नोंद पुरी होणार नाही.

‘घरी बोलीच बोलतात’, ‘पालक लक्ष देत नाहीत’ ही वाक्येही नोंदीत नकोत. ती कधी खरी असतीलही, पण त्यांत शिक्षकाने करण्याजोगे काही उरत नाही.

केवळ आठवणीवर विसंबणे हीदेखील चूकच. आठवड्यातून एकदा तासातली दहा मिनिटे मोबाइलवर फक्त आवाजात ध्वनिमुद्रित करावीत आणि घरी ऐकावीत; हे मुद्रण कोणत्याही व्हॉट्सॲप गटात टाकू नये. ऐकताना प्रश्न आणि त्यानंतरची शांतता यांकडे कान द्यावा. अमेरिकी अभ्यासक मेरी बड रोव यांना 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत आढळले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरे लांबतात व गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. बोलीत सुचलेले उत्तर मनातल्या मनात प्रमाण भाषेत आणणाऱ्या मुलाला या जादा दोन सेकंदांची गरज किती असेल! माझ्या मुद्रणात बहुतेक प्रश्नांची उत्तरे मीच देऊन टाकली होती.

शेवटची चूक तासांच्या हिशेबाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ती ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या प्रमाणपत्रांनी कागदावर भागते, आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आपण नुसते ऐकून परततो. पुढच्या परिषदेला जाताना एका मुलाची वही, नाव झाकून, सोबत न्यावी आणि शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याला एवढेच विचारावे : ‘सर, याने असे का लिहिले असेल?’