पोलंडची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक कशी वाचावी

१ जून २०२५ रोजी रात्री नऊ वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेबारा वाजून गेल्यावर, पोलंडमधील मतदान संपले आणि त्याच क्षणी दूरचित्रवाणीवर मतदानोत्तर चाचणीचे आकडे झळकले: राफाऊ त्शास्कोव्स्की ५०.३ टक्के, कारोल नाव्रोत्स्की ४९.७ टक्के. त्शास्कोव्स्की यांनी समर्थकांसमोर विजय जाहीरही केला. दोन तासांनी सुधारित अंदाज आला तेव्हा पारडे फिरले होते आणि सकाळी अधिकृत मोजणीत नाव्रोत्स्की ५०.८९ टक्के मतांनी निवडून आलेले होते. साडेबाराची बातमी वाचून झोपलेल्या आपल्याकडील वाचकाला सकाळी नेमका उलटा निकाल वाचावा लागला. अशी फसगत टाळायची असेल तर या निवडणुकीकडे कोणत्या क्रमाने पाहावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

सर्वांत आधी हे पद कशासाठी आहे ते समजून घ्यावे, कारण उमेदवारांची आश्वासने ऐकून पोलंडचा राष्ट्राध्यक्ष करही ठरवतो आणि घरेही बांधतो, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दैनंदिन कारभार पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळ पाहते. राष्ट्राध्यक्षाच्या हातातील खरे हत्यार म्हणजे नकाराधिकार. त्याने परत पाठवलेला कायदा टिकवायचा असेल तर सेइम या कनिष्ठ सभागृहात तीन पंचमांश मते लागतात. सभागृह ४६० सदस्यांचे आहे, म्हणजे सर्व सदस्य हजर असतील तर २७६ मते हवीत. ऑक्टोबर २०२३ च्या संसदीय निवडणुकीनंतर दोनाल्द तुस्क यांनी ज्या पक्षांना घेऊन सरकार बनवले, त्यांच्या जागा होत्या २४८. हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवले की २०२५ ची निवडणूक इतकी चुरशीची का झाली ते उमगते. सरकारच्या बाजूचे त्शास्कोव्स्की निवडून आले असते तर सरकारचे कायदे मार्गी लागले असते. विरोधकांचे नाव्रोत्स्की आले तर अडणार, हे दोन्ही बाजूंचा मतदार जाणून होता.

त्यानंतर उमेदवारांची यादी घ्यावी. उमेदवारीसाठी वयाची ३५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि किमान एक लाख मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. ही अट पार करून २०२५ मध्ये तेरा जण रिंगणात राहिले. यादी वाचताना पक्षाच्या नावापेक्षा पाठबळ कोणाचे आहे ते तपासावे. नाव्रोत्स्की हे इतिहासकार आणि राष्ट्रीय स्मृती संस्थेचे (नाझी आणि कम्युनिस्ट काळातील गुन्ह्यांचा तपास करणारी सरकारी संस्था) तेव्हाचे प्रमुख. ते ‘नागरिकांचे उमेदवार’ म्हणून उभे राहिले, पण त्यांच्यामागे यारोस्वाव काचिन्स्की यांचा ‘कायदा आणि न्याय’ हा मुख्य विरोधी पक्ष उभा होता, हे कोणापासून लपलेले नव्हते. त्शास्कोव्स्की हे वॉर्सॉचे महापौर आणि तुस्क यांच्या नागरिक आघाडीचे उमेदवार. (नावांच्या उच्चारांविषयी एक सूचना: पोलिश लिपीत एक तिरकी रेघ मारलेला ‘ल’ असतो, त्याचा उच्चार ‘व’कडे झुकतो, म्हणून इंग्रजी स्पेलिंगवरून केलेली मराठी नावे बहुधा चुकतात.)

आता मुख्य गोष्ट. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत चौदा दिवसांनी पुन्हा लढत होते. १९९० पासून आजवर पहिल्याच फेरीत निकाल लागला तो फक्त एकदा, २००० मध्ये, अलेक्सांदेर क्वाश्निएव्स्की यांच्या बाबतीत. तेव्हा पहिल्या फेरीच्या रात्री पुढे कोण आहे यापेक्षा जे हरले त्यांच्याकडे पाहावे. २००५ मध्ये तुस्क ३६ टक्क्यांसह पहिले होते आणि यारोस्वाव यांचे जुळे भाऊ लेख काचिन्स्की ३३ टक्क्यांसह दुसरे; परंतु तिसऱ्या क्रमांकावरील शेतकरी नेते आंजेय लेप्पेर यांच्याकडे १५ टक्के मते होती, ती मोठ्या प्रमाणावर काचिन्स्कींकडे वळली आणि ते ५४ टक्क्यांनी जिंकले. २०२० मध्ये उलट बाजूने तेच दिसले: तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंजेय दुदा पहिल्या फेरीत त्शास्कोव्स्कींच्या तब्बल तेरा टक्क्यांनी पुढे होते, आणि दुसऱ्या फेरीत त्यांची आघाडी जेमतेम दोन टक्क्यांवर आली.

हाच हिशेब २०२५ च्या आकड्यांवर करून पाहावा. कागद-पेन्सिल पुरेशी आहे. १८ मे रोजी त्शास्कोव्स्की यांना ३१.३६ टक्के आणि नाव्रोत्स्की यांना २९.५४ टक्के मते मिळाली, त्यामुळे मथळे त्शास्कोव्स्कींच्या आघाडीचे होते. पण नाव्रोत्स्कींच्या आकड्यात कॉन्फेडरेशन या कट्टर उजव्या पक्षाचे स्वावोमिर मेंत्सेन यांचे १४.८१ आणि त्याहून उजवीकडच्या ग्झेगोश ब्राउन यांचे ६.३४ मिळवले की बेरीज ५०.६९ होते. दुसरीकडे त्शास्कोव्स्कींच्या आकड्यात मध्यममार्गी शिमोन होवोव्निया यांचे ४.९९, डाव्या बाजूच्या आद्रियान झांडबर्ग यांचे ४.८६ आणि माग्दालेना बियेयात यांचे ४.२३ मिळवले तरी बेरीज ४५.४४ पर्यंतच पोहोचते. अंतिम निकाल ५०.८९ विरुद्ध ४९.११ असा लागला, म्हणजे ही कच्ची बेरीज विजेत्यापुरती जवळजवळ तंतोतंत ठरली. मात्र या जुळण्यावर भाळू नये. मतांच्या थैल्या अशा उचलून दुसऱ्याच्या गाडीत ठेवता येत नाहीत. मेंत्सेन यांच्या दहांतल्या एकाहून थोड्या अधिक मतदारांनी त्शास्कोव्स्कींना पसंती दिली, आणि मतदानाचे प्रमाण ६७.३१ वरून ७१.६३ टक्क्यांवर गेल्यामुळे पहिल्या फेरीत घरी बसलेले लाखो लोकही आत आले. बेरजेतून दिशा कळते. एवढ्या अटीतटीच्या लढतीत तिच्यावरून विजेता ठरवणे धाडसाचे असते.

म्हणून दोन फेऱ्यांमधल्या पंधरवड्यात उमेदवार कोणाच्या दारी जातात ते बारकाईने पाहावे. २०२५ मध्ये ते दार मेंत्सेन यांच्या तोरुन शहरात होते. मेंत्सेन यांनी आठ कलमांचा एक कागद तयार केला आणि दोन्ही उमेदवारांना आपल्या यूट्यूब वाहिनीवर मुलाखतीला बोलावले. कर वाढवणार नाही, रोख व्यवहारांवर बंधने आणणार नाही, पोलिश सैनिक युक्रेनमध्ये पाठवणार नाही, युक्रेनच्या नाटो-प्रवेशाला संमतीची सही देणार नाही, अशा स्वरूपाची ती कलमे होती. नाव्रोत्स्की यांनी आठही कलमांखाली सही केली. त्शास्कोव्स्की यांनी काही मान्य केली, काही नाकारली आणि सही केली नाही. पण मुलाखतीनंतर परराष्ट्रमंत्री राडोस्वाव शिकोर्स्की यांच्यासह मेंत्सेन यांच्याच पबमध्ये तिघांनी बिअर घेतली आणि ते दृश्य देशभर फिरले. माझ्या मते त्या बिअरची चर्चा गरजेपेक्षा जास्त झाली. निकालाच्या आणि पुढच्या कारभाराच्या दृष्टीने वजन होते ते सही केलेल्या कागदाला, कारण त्याने नव्या राष्ट्राध्यक्षाचे हात पदग्रहणापूर्वीच बांधले.

मतदार वाचताना साम्यवादोत्तर देश म्हटले की जुने कम्युनिस्ट विरुद्ध त्यांचे विरोधक, असे चित्र डोळ्यांसमोर येते. पोलंडमध्ये ते १९९५ ला खरे होते, जेव्हा कम्युनिस्ट काळात मंत्री राहिलेले क्वाश्निएव्स्की यांनी सॉलिडॅरिटी या कम्युनिस्टविरोधी कामगार चळवळीच्या लेख वाउएन्सा (आपल्याकडील वृत्तपत्रांचे वालेसा) यांचा पराभव केला. २००५ पासून मात्र लढत सॉलिडॅरिटीच्याच दोन वारसांमध्ये होत आली आहे आणि तरुणांना आता त्या भाऊबंदकीचा कंटाळा आला आहे. २०२५ च्या पहिल्या फेरीत, मतदानोत्तर चाचणीनुसार, तीस वर्षांखालील मतदारांत पहिले मेंत्सेन होते आणि दुसरे डावे झांडबर्ग. दोन्ही मोठे उमेदवार त्यांच्या मागे. एक टोक उजवे, दुसरे डावे, पण राग एकाच जोडगोळीवर.

नकाशाकडे पाहताना इतिहास हाताशी ठेवावा. आग्नेयेकडील पोदकार्पात्स्की प्रांतात नाव्रोत्स्की यांना सत्तर टक्क्यांच्या घरात मते पडली, तर पश्चिम आणि उत्तरेकडे तसेच वॉर्सॉ, पोझनान, व्रोत्स्वाव, ग्दान्स्क यांसारख्या शहरांत त्शास्कोव्स्की पुढे राहिले. ही रेघ बऱ्याच अंशी त्या सीमांवरून जाते, ज्यांनी १९१८ पर्यंत हा देश प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटलेला होता. तिला १९४५ चीही जोड आहे: पूर्वेकडचा प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला, पश्चिमेकडचा जर्मन प्रदेश पोलंडला मिळाला आणि उठवलेली माणसे तेथे वसवली गेली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतांशी त्याच गमावलेल्या पूर्वेकडचे होते. सोव्हिएत राजवटीने त्यांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले होते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच चर्चच्या सावलीत राहिलेले गाव आणि उपटून आणून वसवलेले गाव यांचे मतदान सारखे होत नाही, हे कोयना किंवा उजनीच्या विस्थापितांचे गाव पाहिलेल्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

चाचण्यांविषयी थोडक्यात. मतदानाच्या आदल्या दिवसापासून मतदान संपेपर्यंत तेथे ‘निवडणूक शांतता’ असते आणि त्या काळात चाचणीचे आकडे प्रसिद्ध केल्यास पाच लाख ते दहा लाख झ्वॉटी (पोलिश चलन) दंडाची तरतूद आहे. त्यावर उपाय म्हणून समाजमाध्यमांवर मंडई भरते: अमुक भाजी किलोला एकतीस, तमुक एकोणतीस, असे भाव लोक लिहितात आणि समजणाऱ्याला कोणती भाजी कोण ते समजते. वाचायला मौज आहे, पण त्यावर विसंबू नये, कारण कोणीही कोणताही भाव लावू शकतो. रात्री नऊचा आकडाही अर्ध्या-एक टक्क्याच्या फरकाचा असेल तर तो बरोबरी म्हणूनच घ्यावा आणि अकराच्या सुमारास येणाऱ्या सुधारित अंदाजाची वाट पाहावी, कारण त्यात काही केंद्रांवरची प्रत्यक्ष मोजणी मिसळलेली असते. २०२५ मध्ये दोन कोटींहून अधिक मतांमधला अंतिम फरक ३,६९,५९१ मतांचा होता. मतदान केंद्राबाहेर लोकांना विचारून तो पकडणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते.

निकालानंतरही वही मिटू नये. काही केंद्रांवर दोन्ही उमेदवारांची मते अदलाबदल होऊन नोंदली गेल्याचे उघड झाले, हरकतींचा पाऊस पडला, आणि १ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक वैध ठरवली. ज्या कक्षाने हा निर्णय दिला त्याच्या स्वतःच्या वैधतेवरच वाद आहे, हे विसरू नये. ६ ऑगस्टला नाव्रोत्स्की यांचा शपथविधी झाला. त्याच महिन्यात पवनचक्क्यांसंबंधीचा कायदा आणि युक्रेनियन निर्वासितांच्या मदतीसंबंधीचा कायदा या दोन्हींवर त्यांनी नकाराधिकार वापरला, आणि सरकारच्या बाजूला मते होती तेवढीच होती, २७६ च्या बरीच खाली.