गरोदरपणात बीपी वाढलंय? मग लघवीतलं प्रोटीन असं तपासा

२० आठवडे उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर आलं की लघवीतलं प्रोटीन त्याच दिवशी बघायचं, पुढच्या तपासणीला नाही. आणि 'लघवीला फेस नाही म्हणजे प्रोटीन नाही' असलं काही ऐकू नका, फेसावरून काहीच ठरत नाही.

सॅम्पल ताजं हवं, कोरड्या स्वच्छ डबीत, पहिली धार सोडून मधली. अंगावरून पांढरं जात असेल तर बाईला आधी साध्या पाण्याने धुवून घ्यायला सांगा, जंतुनाशकाने नको. एक्स्पायरी बघून स्ट्रिप (लघवीत बुडवली की रंग बदलणारी पट्टी) काढली की बाटलीचं झाकण लगेच घट्ट, नाहीतर पावसाळ्यात उरलेल्या स्ट्रिप दमट होऊन वाया जातात. बुडवा, लगेच काढा, कड डबीच्या काठाला टेकवून जास्तीची लघवी निथळू द्या, स्ट्रिप आडवी धरा.

आता रंग वाचणं. मलाही सुरुवातीला इथेच अडायचं, कारण पिवळा आणि किंचित हिरवट पिवळा यातला फरक पिवळ्या बल्बखाली दिसतच नाही, म्हणून खिडकीजवळ उजेडात जा आणि त्याच बाटलीवरच्या चार्टला स्ट्रिप अगदी चिकटवून बघा, दुसऱ्या कंपनीचा चार्ट चालत नाही. वेळ घड्याळात बघायची, अंदाजाने नाही. बहुतेक स्ट्रिपला प्रोटीनसाठी ६० सेकंद लागतात, बाटलीवर काय लिहिलंय तेच धरा. स्ट्रिप टेबलावर ठेवून दुसऱ्या पेशंटचं बीपी घेऊन आलात तर ती फेकायची आणि नवीन घ्यायची, उशिरा वाचलेला रंग मी मानतच नाही.

ट्रेस (म्हणजे अगदी किंचित प्रोटीन) आलं तर ताज्या सॅम्पलवर परत करा. १+ म्हणजे साधारण ३० मिग्रॅ प्रति डेसीलिटर, २+ म्हणजे १००. पण बाई तांब्याभर पाणी पिऊन आली असेल तर लघवी पातळ होऊन प्रोटीन कमी दिसतं, आणि पांढरं पाणी, रक्त किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर उगाच जास्त दिसतं. म्हणून १+ किंवा वर आलं की लॅबमधून प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतल्या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) करून घ्या, ०.३ किंवा जास्त म्हणजे प्रोटीन खरंच जातंय. लॅब लांब असेल तर रिपोर्टसाठी थांबू नका, बीपी वाढलेलं आणि २+ एवढ्यावरच तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे 'प्रोटीन निल आहे, जा घरी'. निल असलं तरी प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून होणारा धोकादायक आजार) असू शकतो, त्यात प्लेटलेट, लिव्हर, किडनी बिघडू शकतात, त्यामुळे बीपी वाढलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासायलाच हवं. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीखाली पोटात दुखतंय किंवा बीपी १६०/११० आहे तर स्ट्रिप राहू द्या, आधी १०८ ला फोन करा.

रिझल्ट माता-बाल कार्डावर बीपी, तारीख आणि वेळेसकट लिहा, नुसतं 'युरिन नॉर्मल' लिहू नका, पुढच्या डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही.