फोटोफ्रेमला कागद आणि रिबन लावताना कोपरे असे सांभाळा

फ्रेमला कागद चिकटवणं अवघड नाही. काम बिघडतं ते दोन ठिकाणी: कोपऱ्यात आणि फेव्हिकॉलच्या हाताळणीत. इथली मापं बाहेरून ८ × १० इंच, दीड इंच रुंद आणि अर्धा इंच जाड पट्टीच्या साध्या लाकडी किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) फ्रेमची आहेत.

कागद सुती चिंध्यांपासून बनवलेला हातकागद असेल तर उत्तम. तो ओला झाला तरी सहजासहजी फाटत नाही आणि कडांवर छान वळतो. साधा गिफ्ट पेपरही चालतो, पण ज्यावर प्लॅस्टिकचा थर आहे तो नको. त्याला फेव्हिकॉल धरत नाही. ओलं बोट फिरवून रंग सुटतो का, तेही आधी पाहून घ्या.

काच, फोटो, मागचा पुठ्ठा काढून ठेवा. फ्रेमवर चकचकीत पॉलिश असेल तर १२० नंबरच्या पॉलिशपेपरने ती चमक जाईपर्यंत घासा, मग धूळ ओल्या फडक्याने पुसा. गडद लाकडावर पातळ कागद मळकट दिसतो, म्हणून आधी पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक हात द्या.

आता कागदाच्या पट्ट्या. आडव्या दोन ९ × ३ इंच, उभ्या दोन १० × ३ इंच. तीन इंचांचा हिशेब असा: मागे अर्धा, बाजूला अर्धा, समोर दीड, उरलेला अर्धा आतल्या कडेवरून वळवायला. कारखान्यातला कागद दोन्ही दिशांनी हलकेच दुमडून पाहा. ज्या दिशेची घडी सहज पडते ती दिशा पट्टीच्या लांबीला ठेवा. ओला कागद घडीच्या आडव्या अंगाने फुगतो. ते फुगणं रुंदीत गेलं की कडांवर जिरतं, लांबीत गेलं की सुरकुत्या पडतात.

तीन भाग फेव्हिकॉलमध्ये एक भाग पाणी कालवा. कागदाच्या मागे ब्रशने पातळ थर द्या आणि दोन मिनिटं थांबा. हे थांबणं टाळलं तर कागद फ्रेमवर बसल्यावर फुगतो आणि फोड येतात. मधून कडेकडे फडक्याने दाबत जा. फोड राहिलाच तर सुईने टोचून दाबा. वाळल्यावर दिसला, तर वर साधा कागद ठेवून कोमट इस्त्री टेकवा. उष्णतेने फेव्हिकॉल मऊ होऊन पुन्हा धरतो.

आधी आडव्या पट्ट्या लावा. त्यांची टोकं अर्धा-अर्धा इंच बाजूवर वळवा आणि उभ्या बाजूंवर आलेला आतला जादा भाग कापा. मग उभी पट्टी कोरडीच फ्रेमवर धरून बाहेरचा कोपरा आणि आतला कोपरा पेन्सिलने टिपा, दोन खुणा स्टीलच्या पट्टीने जोडा आणि नव्या ब्लेडने कापा. कोनमापकाने ४५ अंश मोजू नका. स्वस्त फ्रेमचा सांधा बहुधा तितका नेमका नसतो आणि तिरपी फट लगेच डोळ्यात खुपते. आडवी पट्टी खाली असल्यामुळे केसभर चूक झाली तरी लाकूड दिसत नाही.

काच बसते त्या खाचेत कागद जाड झाला तर काच अडते, म्हणून तिथला कागद छाटून टाका.

रिबन अर्धा इंची सॅटिनची, सव्वा मीटर पुरते. सुमारे ८० सेंटीमीटर चौकटीला, बाकीची बोसाठी, म्हणजे रिबनच्या फुलासाठी. सॅटिनला फेव्हिकॉल लावू नका. तो विणीतून वर येतो आणि डाग कायमचा राहतो. ६ मिलिमीटरची डबल साइड टेप वापरा. जिथे बो बसवायचा तिथूनच सुरुवात करा, म्हणजे सांधा त्याखाली झाकतो. कोपऱ्यावर रिबन उलटी दुमडून काटकोनात वळवा, तिरपी घडी आपोआप पडते. बो वेगळा बांधून मग चिकटवा. सॅटिन पॉलिस्टरची असेल तर टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळून क्षणभर फिरवलं की धागे निघत नाहीत. जुन्या पैठणीचा अरुंद काठ लावणार असाल (आणि हातकागदावर तो फारच देखणा दिसतो), तर ज्योत नको, रेशीम जळतं. कापलेल्या कडेला फेव्हिकॉलचं बोट पुरे.

काच बसवायला पूर्ण २४ तास थांबा, पावसाळ्यात दोन दिवस. ओल आत राहिली तर काचेवर वाफ धरते आणि फोटो काचेला चिकटतो.