कळसूबाई चढून बागेसाठी पैसे कसे जमवायचे

सोसायटीसमोरची महापालिकेची बाग, झोपाळ्याची साखळी तुटलेली, बाकाच्या फळ्या गायब, आणि ग्रुपवर कुणीतरी टाकलं की चला कळसूबाई चढू आणि त्यावर पैसे जमवू. आयडिया मस्तच आहे, पण ट्रेकची तारीख काढायच्या आधी उद्यान विभागात चक्कर मारा. बाग महापालिकेची असल्यामुळे तुम्ही उद्या स्वतःच्या पैशांनी बाक आणलात तरी तो तिथे असाच ठोकता येत नाही. काय बसवायचंय, कुठे बसवायचंय आणि नंतर मोडलं तर कोण बघणार असा साधा अर्ज द्या, आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का घ्या आणि परवानगी लेखी हातात आल्यावरच लोकांकडे पैसे मागा. तोंडी "हो हो, करा की" वर अजिबात विसंबू नका, साहेबांची बदली झाली की विषय संपला.

मग कोटेशन घ्या. "बाग सुधारणा" म्हटलं की खिशात हात घालायला कुणी तयार नसतं, दोन झोपाळे आणि चार बाक म्हटलं की लोक लगेच विचारतात कितीला पडतो एक.

पैसे कुणाच्या अकाउंटला येणार हा खरा प्रश्न. एका मेंबरच्या पर्सनल यूपीआयवर घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी, कारण महिन्याभराने किराणा आणि वर्गणी कुठली ते त्यालाच कळत नाही. ओळखीची नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्या खात्यात घ्या. नुसताच ग्रुप असेल तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची वर्गणी गोळा करायची परवानगी (कलम ४१क) लागते, ती आधी काढा. देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी ८०जीची पावती फक्त तशी नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते, त्यातही २००० रुपयांच्या वरची कॅश त्यात धरत नाहीत, आणि नवीन टॅक्स पद्धत घेतलेल्यांना तसाही त्याचा फायदा नाही, सो उगाच गाजर दाखवू नका.

आता मागायचे कसे? कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, मग मीटरमागे दर लावा. रुपयाने १६४६, पन्नास पैशांनी ८२३, दहा पैसेवाल्या कॉलेजच्या पोरांचे १६५ च्या आसपास. पन्नास पैसे ऐकायला किरकोळ वाटतात म्हणून लोक पटकन हो म्हणतात (आमच्याकडच्या आज्यांनी तर घासाघीस पण केली). पण एक गोष्ट मेसेजमध्ये स्पष्ट लिहा, टीम अर्ध्यातून परत आली तरी कबूल केलेली रक्कम पूर्ण द्यायची. नाहीतर धुकं आलंय, शिड्या ओल्या आहेत आणि कुणीतरी पैशांपायी वर जायचा हट्ट धरून बसलाय असं होतं.

बाकी डोंगराचं म्हणाल तर पायथ्याच्या बारी गावातून चढा, वाट मळलेली आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. मुंबईकरांनी कसाऱ्याला उतरून जीप करायची, पुण्याहून स्वतःची गाडी बरी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. वीकेंडला शिड्यांवर रांग लागते म्हणून उजाडायच्या आधी टॉर्च लावून निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, चढायला तीन-चार तास धरा, नवशिके असतील तर जास्तच. वर देवीचं छोटं देऊळ आहे, तिथे बॅनर धरून फोटो काढा पण बॅनर आणि बाटल्या खाली आणा, बागेसाठी पैसे जमवून डोंगरावर कचरा केलात तर लोक शिव्याच घालतील. जीप आणि पिठलं-भाकरीचा खर्च ज्याचा त्याने करायचा, जमलेल्या पैशांतून एक चहासुद्धा नको.

परत आल्यावर आठवड्याभरात वसुली करा, उशीर झाला की लोक फोन उचलत नाहीत. बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि बसवलेल्या झोपाळ्याचा फोटो सगळ्या देणगीदारांना पाठवा. आणि बाकावर कुणाची नावं टाकायची का, हे पैसे घेण्याआधीच ठरवून सांगा, कारण नंतर भांडणं त्याच्यावरूनच होतात.